वाचकांचे प्रश्न : रोजच्या लांब प्रवासासाठी जुनी डिझेल गाडी

गेल्या काही महिन्यांत जुन्या डिझेल गाड्यांविषयी आलेली पत्रे इतकी झाली आहेत की हा संपूर्ण अंक त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला प्रश्न बाकीच्या अनेकांचाही आहे.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी असून लातूरहून धाराशिव, सोलापूर, नांदेड आणि अंबाजोगाई या भागांत फिरतो. रोज सरासरी १६० किलोमीटर आणि महिन्यातून साधारण २५ दिवस गाडी चालते. सध्याची पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पगाराचा मोठा भाग पंपावरच संपतो. घरी पत्नी, दोन मुले आणि आई असे आम्ही पाच जण आहोत. सहा लाखांपर्यंत रक्कम उभी करू शकतो. जुनी डिझेल गाडी घ्यावी का, घ्यावी तर कोणती, आणि किती किलोमीटर झालेली चालेल? मित्र सांगतात की आता डिझेलचे दिवस संपले. — एक वाचक, लातूर

उत्तर : आपण महिन्याचे अंतर स्पष्ट लिहिले, त्यामुळे हिशेब सोपा झाला. महिन्याला ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले, तर आपल्या सध्याच्या गाडीला वर्षाला ३,००० लिटर, म्हणजे ३,१२,००० रुपयांचे पेट्रोल लागते. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या डिझेल गाडीला २,४०० लिटर, म्हणजे २,१८,४०० रुपयांचे डिझेल लागेल. वर्षाला सुमारे ९३,६०० रुपयांचा हा फरक आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला हाच फरक १९,५०० रुपयांवर येतो आणि डिझेल इंजिनाच्या महागड्या देखभालीत तो सहज विरून जातो. आपल्याला मात्र तो निश्चित उपयोगी पडेल. आपल्या भागातले दर घालून हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

याच हिशेबात सीएनजीचा विचार टाळणे योग्य होणार नाही. किलोला ९० रुपये दर आणि २४ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज धरला, तर सीएनजी गाडीचा वर्षाचा खर्च १,८०,००० रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे डिझेलपेक्षाही कमी. त्यामुळे आपल्या नेहमीच्या चारही मार्गांवर गॅसचे पंप कुठे आहेत, तिथे गॅस नियमित येतो का आणि रांगेत किती वेळ जातो, हे आठवडाभर फिरतानाच टिपून ठेवावे. रांगेत गेलेला अर्धा तास म्हणजे आपल्यासाठी एका डॉक्टरांची चुकलेली भेट असते. शिवाय डिकीतली बरीचशी जागा टाकी व्यापते आणि पाच माणसांच्या कुटुंबाला सुट्टीच्या प्रवासात ती अडचण जाणवते. मार्गावर गॅस सहज मिळत असेल तर सीएनजी घ्यायला माझी हरकत नाही. मिळत नसेल तर डिझेल हाच आपल्यासाठी सरळ पर्याय आहे.

डिझेलचे दिवस संपले हे आपल्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल गाड्या पूर्णपणे थांबवल्या आणि रेनो व फोक्सवॅगन यांनीही भारतात तोच मार्ग धरला. ह्युंदाई, किया, महिंद्रा, टाटा आणि टोयोटा यांनी मात्र त्यानंतरही डिझेल गाड्या विकल्या. जुन्या गाडीच्या बाबतीत महत्त्वाचे हे की जे इंजिन लाखो गाड्यांत बसले, त्याचे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात कंपनीने उत्पादन थांबवले म्हणून एका रात्रीत नाहीसे होत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन. पुण्याजवळ रांजणगावच्या आणि मारुतीसाठी मुख्यतः हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात तयार झालेले हे १,२४८ सीसीचे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ आणि ब्रेझा या मारुतीच्या गाड्यांत होतेच, शिवाय फियाटच्या पुंटो व लिनियात आणि टाटांच्या व्हिस्टा, मांझा व झेस्टमध्येही होते. उदगीर किंवा मुखेडच्या गॅरेजमध्येही त्याचे काम येणारा फिटर सापडतो, आणि आपल्यासारख्या फिरत्या माणसाला ही गोष्ट पंचतारांकित शोरूमपेक्षा मोलाची वाटली पाहिजे. त्याचे दोन प्रकार आहेत : डिझायर-स्विफ्टमधला ७५ पीएसचा (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप), आणि सियाझ, एर्टिगा व ब्रेझातला ९० पीएसचा. दोन्हींचा स्वभाव असा की मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) खाली ते थोडे सुस्त राहते आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, जागा झाल्यावर जोर धरते. गर्दीत अर्ध्या क्लचवर चालवण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून त्याचा क्लच लवकर जातो, म्हणून अशा गाडीचा क्लच तपासताना विशेष काळजी घ्यावी.

आपल्या रकमेत होंडाचे १.५ लिटर आय-डीटेक इंजिनही बसते. अमेझमध्ये ते २०१३ साली आणि सिटीमध्ये २०१४ साली आले. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ते १०० पीएस देते, डिझेल जपून वापरते आणि महामार्गावर ओव्हरटेक करताना १.३ पेक्षा मोकळे वाटते. आवाज मात्र बराच करते. टोयोटा इटिऑसचे १.४ लिटर इंजिन ६८ पीएसचेच, पण टिकाऊ आणि काटकसरी आहे. त्यातली मोठी अडचण अशी की इटिऑस आणि डिझायर या दोन्ही गाड्या टॅक्सीसाठी प्रचंड प्रमाणात वापरल्या गेल्या. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणून विकली जात असेल, तर आरसीवर आणि वाहन पोर्टलवरच्या नोंदींत तिचा आधीचा वर्ग कोणता होता हे पाहावे. टॅक्सी म्हणून चाललेली प्रत्येक गाडी वाईट नसते, परंतु ती गोष्ट किमतीत दिसली पाहिजे आणि विकणाऱ्याने ती स्वतःहून सांगितली पाहिजे.

ह्युंदाईचे १.६ लिटर, १२८ पीएसचे इंजिन या सर्वांत सुबक आहे. सहा लाखांत त्याची जुनी व्हर्ना मिळू शकते. सुटे भाग थोडे महाग पडतात, हे गृहीत धरून चालावे. इनोव्हाचा उल्लेख अनेक जण करतात आणि तिच्या २.५ लिटर इंजिनाचा लौकिक खराच आहे. पण आपल्या रकमेत येणारी इनोव्हा वयाने आणि अंतराने फार पुढे गेलेली असेल, आणि एकट्या माणसाने रोज १६० किलोमीटर फिरण्यासाठी एवढी जड गाडी ओढणे म्हणजे वाचवायला निघालेले डिझेल पुन्हा जाळणे होय.

माझे मत विचाराल, तर २०१७ नंतरची नव्या रचनेची डिझायर किंवा २०१८ नंतरची अमेझ, दोन्ही मॅन्युअल गिअरच्या, या दोहोंतच शोध घ्यावा. वर्ष मुद्दाम लिहिले आहे. या दोन्ही गाड्यांत पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सर्व प्रकारांत दिलेले आहेत. त्याआधीच्या अनेक स्वस्त प्रकारांत ते नव्हते. वर्षाला ४८,००० किलोमीटर रस्त्यावर असणाऱ्या, आणि ज्याच्या घरी चार माणसे वाट पाहतात अशा माणसाने या बाबतीत तडजोड करू नये. अलॉय चाके नसली तरी चालतील, मोठा पडदा नसला तरी चालेल.

इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवायला टायमिंग पट्टा आहे की चेन, हाही प्रश्न विचारून घ्यावा. मल्टिजेट, होंडा १.५, इटिऑस १.४ आणि ह्युंदाई १.६ या इंजिनांत चेन आहे. फोर्डचे १.५, रेनोचे १.५, फोक्सवॅगनचे १.५ आणि १.६, तसेच जुन्या इनोव्हाचे २.५ या इंजिनांत पट्टा आहे. पट्टा असणे हा दोष नव्हे. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर किंवा वर्षांवर तो बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनकाम निघते. पट्टा बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असे समजून पुढचा व्यवहार करावा. चेनच्या बाबतीतही निष्काळजीपणा चालत नाही. वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात चेन आणि तिचा ताण धरणारा भाग झिजतो, आणि थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येते.

आता किलोमीटरचा प्रश्न. लोक कमी रनिंगची डिझेल गाडी शोधतात आणि मला त्याची खरोखर चिंता वाटते. सात वर्षांत ४०,००० किलोमीटर झालेली डिझेल गाडी बहुधा शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत वापरली गेलेली असते. अशा वापरात इंजिन नीट तापतच नाही. अपुऱ्या ज्वलनाची काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) आणि हवेच्या नळ्यांत साचते, क्लच सतत दाबला जातो, आणि अंतर कमी म्हणून ऑइल दोन-दोन वर्षे तेच राहते. याउलट त्याच वर्षाची, महामार्गावर १,२०,००० किलोमीटर चाललेली गाडी दिवसातून एक-दोनदाच थंड सुरू होते, तासन्‌तास एकाच तापमानावर आणि वरच्या गिअरमध्ये चालते, आणि तिचा मालक रोजच्या पोटापाण्यासाठी तिच्यावर अवलंबून असल्याने सर्व्हिसिंग चुकवत नाही. म्हणून २०१८-१९ ची, ९०,००० ते १,३०,००० किलोमीटर झालेली, प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी आपण निःशंकपणे पाहावी. अंतराच्या आकड्यापेक्षा ते अंतर कसे कापले गेले आणि त्याचा कागद आहे का, यावर गाडीचे उरलेले आयुष्य ठरते. मी गाडीऐवजी तिचा इतिहास विकत घ्यायला सांगतो, ते याचसाठी.

मात्र पुढचाही विचार करावा. एक लाख किलोमीटर झालेली गाडी घेऊन पाच वर्षे फिरलात, तर ती ३,४०,००० किलोमीटरवर पोहोचेल. नीट राखलेली डिझेल गाडी तिथवर जाते, पण वाटेत क्लच, सस्पेन्शन, चाकांचे बेअरिंग, बॅटरी आणि टायरचे अनेक संच लागतील, आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) किंवा टर्बोचे काम एकदा तरी निघू शकते. म्हणून सहा लाखांची गाडी शोधू नका, पाच लाखांची शोधा आणि एक लाख बाजूला ठेवा. गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, म्हणजे पुढचा सगळा हिशेब आपल्या हातचा राहील. त्यानंतर दर १०,००० किलोमीटरला ऑइल, म्हणजे आपल्या वापरात वर्षातून जवळजवळ पाच वेळा, हा खर्च चुकवू नये.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी सुरू करून ठेवू नका असे मालकाला आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे ना हे पाहावे, कारण तापलेले इंजिन आपले बरेच आजार लपवते. थंड इंजिन सुरू होताना फार वेळ स्टार्टर मारावा लागला, तर ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा प्लग), बॅटरी, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांपैकी कशात तरी दोष आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा कूलंट बाहेर पडते आहे. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळ्या धुराचा लोट आला, तर हवा कमी पडते आहे किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडत आहेत. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काळजीपूर्वक सैल करावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे, पण दाबाने धूर बाहेर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत आणि ती गाडी तिथेच सोडावी.

त्यानंतर किमान अर्धा तास गाडी मोकळ्या रस्त्यावर स्वतः चालवावी. तिसऱ्या गिअरमध्ये, १,५०० फेऱ्यांवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जोर एकसंध वाढला पाहिजे. मध्येच अडखळ जाणवली, किंवा टर्बोच्या बारीक शिट्टीऐवजी सायरनसारखा चढता आवाज आला, तर टर्बो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरच्या गिअरमध्ये फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे दिसले तर क्लच प्लेट संपलेली आहे. शेवटी आपल्या ओळखीच्या फिटरकडे नेऊन स्कॅनर लावावा. दोष नुकतेच पुसले असल्याच्या खुणा, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला (रेलमधला) दाब आणि प्रत्येक इंजेक्टरला इंजिन किती दुरुस्ती देत आहे, हे आकडे त्यात दिसतात. चारांपैकी एका इंजेक्टरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल, तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मालक स्कॅनर लावू देत नसेल, तर तेवढे उत्तर आपल्याला पुरेसे आहे.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे २०१६ ची डिझेल सेडान असून मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसतात. गाडी चकचकीत आहे, पण किंमत संशय यावा इतकी कमी आहे. मीटर मागे केला आहे का, हे कसे ओळखावे? आमच्या भागात पुरात बुडालेल्या गाड्याही विकल्या जातात असे ऐकतो. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डिजिटल मीटर मागे करणे दुर्दैवाने सोपे आहे आणि डिझेल गाड्यांत हा प्रकार अधिक होतो, कारण फरकाचा फायदाही तिथेच अधिक मिळतो. गाडीचा क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि नोंदी दाखवण्याची विनंती करावी. त्यांनी मालकाची संमती मागितली, तर ती विक्रेत्याने मिळवून द्यावी असे सांगावे. २०१९ साली ८५,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग झालेली गाडी आज ४८,००० दाखवत असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. काही गाड्यांत मीटरखेरीज इतर नियंत्रकांतही अंतराची नोंद राहते आणि चांगला स्कॅनर ती वाचू शकतो.

कागद मिळाले नाहीत तर गाडीच बोलते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ४८,००० किलोमीटर झालेल्या गाडीचा फार तर दुसरा संच चालू असायला हवा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर, चालकाच्या बाजूच्या सीटची कड, स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले आवरण आणि गिअरच्या दांड्यावरचे पुसट आकडे यांची झीज एकमेकांशी जुळली पाहिजे. एवढ्या कमी अंतरात पेडलचे रबर नवे बसवलेले दिसले, तर ते का बदलावे लागले हे विचारावे.

पुराविषयीची आपली शंका अगदी रास्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणसह कोकण व पश्चिम महाराष्ट्रात किती वाहने पाण्याखाली गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतली दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आलेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ किंवा डाग राहतो, कारण तिथपर्यंत धुण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. सीटखालच्या रुळांचा गंज, गालिचाखालचा ओलसर वास, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला बारीक गाळ, स्टेपनीच्या खळग्यातली माती आणि हेडलाइटच्या आतले धूसर डाग, हे सर्व पाहावे. विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहासही मागावा. वायरिंगमध्ये एकदा पाणी शिरले की दोष पुढे कित्येक महिने एकेक करून उगवत राहतात, त्यामुळे पुराची गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये असेच मी सांगेन.

आपण लिहिलेल्या गाडीचा सर्व्हिस इतिहास मिळेपर्यंत इसारही देऊ नका.

प्रश्न : २०२१ ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही चांगल्या किमतीत मिळते आहे. घर ते कार्यालय एका बाजूने आठ किलोमीटर, सगळे शहरातले. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मुंबई किंवा गावी जाणे होते. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी मीटरवर डीपीएफचा दिवा लागला होता. विक्रेता म्हणतो की तो आपोआप जातो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ही गाडी आपण घेऊ नये. गाडीत दोष असेलच असे नाही, पण आपला वापर तिला मानवणारा नाही.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात धुरातली काजळी अडवणारा एक गाळक असतो, तो डीपीएफ. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी तो सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. सकाळी आठ किलोमीटर सिग्नल-सिग्नल करत गेलेल्या गाडीत ही प्रक्रिया सुरू होते आणि अर्धवट तुटते. काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल अशा वेळी सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली म्हणून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात अशा पातळ ऑइलमुळे इंजिन झिजते. दिवा लागल्यावर महामार्गावर एक फेरी मारली की तो बहुधा जातो हे खरे, परंतु दुर्लक्ष करत राहिल्यास गाळक पूर्ण भरतो, गाडी जोर कमी करते आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन तो जाळावा किंवा बदलावा लागतो. बदलण्याचा खर्च मोठा आहे.

काही गॅरेजवाले तो गाळक काढून टाकण्याचा सल्ला देतात. तसे करणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याच गल्लीत आपली मुले श्वास घेतात, तेव्हा हा सल्ला मनातही आणू नये. आपल्या वापराला पेट्रोल गाडीच योग्य होय. वरच्या पत्रातल्या लातूरच्या वाचकांना मात्र बीएस-६ डिझेल रकमेत बसले तर चालेल, कारण त्यांच्या रोजच्या फेऱ्यांत गाळक आपोआप साफ होत राहील.

प्रश्न : दिल्ली पासिंगची नऊ वर्षे झालेली डिझेल गाडी इथल्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळते. आणावी का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : ती स्वस्त का आहे, हे आधी समजून घ्यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश न्यायालयाने दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला असला, तरी तिथल्या मालकांच्या मनातली धास्ती किमतीत उतरलेली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, त्यामुळे गाडी इथे आणून वापरणे शक्य आहे.

परंतु तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी, गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रस्ता कर आणि वाहतुकीचा खर्च यांची बेरीज करावी. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. तिकडे भरलेल्या कराचा परतावा वेळेत मिळेलच असे धरून चालू नये. आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत जाऊन कराचा नेमका आकडा विचारल्याशिवाय दीड लाखांची बचत मनात धरू नका. त्यात दिल्लीतली गाडी म्हणजे बहुतेक वेळा गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली गाडी, आणि इथल्या फिटरला घेऊन ती पाहायला जाणेही अवघड. एकट्याने जाऊन, तासाभरात पाहून, चालवत घेऊन येणे हा धोका मला दीड लाखापेक्षा मोठा वाटतो. नातेवाइकाची, पूर्ण इतिहास माहीत असलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : फोर्डची १.५ डिझेल गाडी चालवायला फार आवडली, पण कंपनी भारतात गाड्या बनवत नाही. घ्यावी का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, पण सर्व्हिस आणि सुटे भाग पुरवणे चालू ठेवले. इंजिन आणि सस्पेन्शनचे नेहमीचे भाग मिळतात. अपघातानंतर लागणारा पत्रा, काच किंवा दिवा यांसाठी थांबावे लागू शकते. गाडी हेच आपल्या उपजीविकेचे साधन असेल तर घेऊ नये. घरात दुसरे वाहन असेल आणि जवळपास तिचे काम जाणणारे गॅरेज असेल, तर तिचा रस्त्यावरचा भक्कमपणा आणि कमी किंमत पाहता ती विचारात घेण्याजोगी आहे. टायमिंग पट्ट्याचे बिल मागावे, आणि आपण समुद्राजवळ राहता म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालचा गंज अवश्य पाहावा.

प्रश्न : व्यवहार ठरला आहे. पैसे देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत? विमा अजून आठ महिने शिल्लक असल्याने तो तसाच चालेल ना? — एक वाचक, जालना

उत्तर : आरसीवरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ (आरसीवरचा बोजा काढण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. प्रलंबित ई-चलन, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हेही पाहावे. गाडी बारा-तेरा वर्षांची असेल तर नोंदणीची मुदत कधी संपते ते आरसीवर वाचावे, कारण पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा खर्च, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आपल्या माथी येईल.

विमा तसाच चालणार नाही. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यावा. दुसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावरच्या विम्यातून मिळत नाही. नो क्लेम बोनसही मूळ मालकाचा असतो आणि तो आपल्याकडे येत नाही, त्यामुळे बदल करताना फरकाची रक्कम भरावी लागेल. शक्य असेल तर ज्या दिवशी किल्ली घ्याल त्याच दिवशी हा अर्ज करावा.